फोईनं लपवलेलं नाव

मोशीपासून चाकणपर्यंतच्या रस्त्यावर असा माणूस अजून जन्माला यायचाय, ज्यानं आमच्या शेठच्या फोईला आपलं आडनाव सांगितलं आणि तरी त्याचं गाव, धंदा, कुलदेवी अन् पणजोबाचा स्वभाव तिच्यापासून झाकून राहिला. साक्षात देव जरी कुरुळीला आमच्या शेडात पाणी प्यायला आला ना, तरी फोई झोपाळ्यावरनं त्याला आधी विचारंल, "केवा?" आणि देवाला सांगावंच लागंल, कारण फोईला उत्तर दिल्याबिगर तिथं पाणी मिळत न्हाई. 'केवा' म्हंजे गुजरातीत तुमी कुठले, कोणातले, कोणाचे, सगळं एकाच घासात. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक न्हवतं. मला वाटलं बाई तब्येत विचारती. मी म्हणलो, "बरा हाय, जरा कंबर धरलीय." फोईनं तिथनंच शेठला हाक मारली, "अरे भाई, हा माणूस कंबर धरलेल्यांमधला हाय. ठेव कामाला."

फोई म्हंजे आत्या. शेठच्या वडलांची बहीण, पण शेठची फोई म्हणून अख्ख्या शेडची फोई, आणि शेडची म्हणून नाक्यावरच्या चहावाल्याची बी फोई. शेठ कच्छी पटेल. कंपन्यांना माल ठेवायला लाकडाची पॅलेट लागतात, खोकी लागतात, ती आमी बनवतो. म्हंजे बनवणारे बनवतात, मी फक्त टेम्पोतनं पोचवतो, आणि त्यातबी एकदा तळेगावचा माल तळवड्याला देऊन आलेलो हाय. शाळा म्हणाल तर चौथीतनं मी शाळा सोडली का शाळेनं मला, ह्याचा निकाल लागला न्हाई, पण मास्तर अन् मी दोघंबी सुखी झालो. तर ही फोई. सत्तरीच्या पुढची, पांढरी साडी, डोक्यावर पदर, आवाज असा की करवत चालू असली तरी करवतच थांबल्यासारखी वाटावी. शेठनं तिच्यासाठी शेडच्या गर्डरला साखळ्या लावून पाइनच्या फळ्यांचा झोपाळा टांगलेला. त्याच्यावर बसून, अंगठ्यानं जमीन ढकलत, बाई दिवसभर लोकांची आडनावं गोळा करायची.

आमच्याकडं आडनाव म्हंजे शाळेच्या दाखल्यावर लागतं म्हणून असतं. फोईकडं आडनाव म्हंजे गाडीची नंबरप्लेट. एमएच चौदा दिसलं की आपल्याला कसं कळतं गाडी पिंपरी-चिंचवडची, तसं तिला. कोठारी म्हणलं की ह्याच्या घरात कोणीतरी कोठार सांभाळलेलं. मेहता म्हंजे हिशेब लिहिणारा. दोशी म्हंजे कापड विकणारा. संघवी म्हंजे ज्याच्या वाडवडलांनी संघ काढून लोकांना स्वखर्चानं यात्रेला नेऊन आणलं. शेवटाला 'वाला' असंल तर तो काय विकायचा का कुठनं आला, ते पुढंच लिहिलेलं. आणि शेवटाला 'आणी' असंल तर तो कुणा एका आजोबाच्या वेलाचा. रामाणी म्हंजे रामाबापाची लेकरं, भावाणी म्हंजे भावाबापाची. फोई सांगायची, "एक माणूस बैलगाडीत घर घालून कुठं तरी जाऊन बसला. आज तो न्हाय, बैल न्हाय, गाडी न्हाय. पण शेकडो घरं त्याला रोज हाक मारतात, आणि त्यांना ठाऊक बी न्हाय." मी टेम्पोच्या फाळक्याला टेकून तोंड उघडं टाकून ऐकायचो. त्या तोंडात एकदा लाकडाचा भुसा गेला, तरी मी ऐकत व्हतो. मी विचारलं, "आणि पटेल?" म्हणली, "पटेल म्हंजे गावचा मुख्य. तुमचा पाटील, तो आमचा पटेल." मी म्हणलो, "मंग आमच्या गावचे पाटील तुमचे पाहुणे लागतात का?" फोईनं झोपाळा थांबवून नीट विचार केला अन् म्हणली, "शोधलं तर निघंल." हे मी गावात जाऊन पाटलांना कौतुकानं सांगितलं. तेव्हापासनं पाटलांच्या ओट्यावर मला चहा न्हाई.

एकदा एका कंपनीचा क्वालिटीवाला साहेब माल तपासायला आला. तपासायला म्हंजे रिजेक्ट करायलाच, हे त्याच्या चालण्यावरनं कळत व्हतं. शेठ त्याच्या मागं मागं, मी शेठच्या मागं मागं. फोईनं झोपाळ्यावरनं बाण सोडला, "केवा, भाई?" तो म्हणला, "पारेख." फोई एकदम खूश. म्हणली, "पारेख म्हंजे पारखणारा. नाणं खरं का खोटं, तुझ्या आजोबाच्या आजोबानं बोटानं सांगितलेलं असंल. तपास भाई, नीट तपास, ह्यांचं काय ऐकू नको." झालं. तो साहेब आधी वरवर बघत व्हता, आता मांडी घालून बसला. एकेक खिळा ठोकून बघितला. अर्धा माल बाजूला काढला. जाताना फोईनं त्याला छुंद्याची बरणी दिली आणि डोक्यावरनं हात फिरवला. शेठ कपाळ धरून म्हणाले, "फोई, तुम्ही त्याला अजून जोर दिलात!" तर फोई म्हणती कशी, "ह्याचे वडील-आजोबा सोनं-चांदी पारखायचे. ह्याच्या नशिबी तुझे खिळे आले. ते तरी पोटभर पारखू दे त्याला." तो अर्धा माल मी परत टेम्पोत भरला. कंबर धरली. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला खिळ्याचीबी इज्जत वाटली.

दुसरी गोष्ट म्हंजे भाई अन् बेन. फोई कुणाचंच नाव उघडं ठेवत न्हाई. नावाला भाई न्हाईतर बेन लावल्याबिगर तिला ते बिनबटनाच्या शर्टासारखं वाटतं. क्रेनवाला क्रेनभाई, पोलीस साहेबभाई, बँकेतली मॅडम बँकबेन. मी केरबाभाई. आता आपल्याकडं भाई म्हंजे कोण? ज्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागतो, गळ्यात सोन्याची साखळी अन् डोळ्यावर रात्रीचाबी गॉगल, तो भाई. फोई मला पहिल्यांदा सगळ्यांसमोर 'केरबाभाई' म्हणली तेव्हा मी आठवडाभर छाती काढून चाललो. बायको म्हणली, "छातीत उसण भरलीय का?" मंग मला कळलं की फोई कुत्र्याला बी मोतीभाई म्हणती.

आणि माझं नाव. केरबा. केर म्हंजे कचरा, हे मराठी माणसाला सांगायला लागत न्हाई. ह्या नावावर जगात सगळ्यात जास्त विनोद कोणी केले असतील तर ते मीच. दुसऱ्यानं करायच्या आधी आपण करून टाकायचा, म्हंजे त्याचा मोका जातो. फोईला बी मी पहिल्याच आठवड्यात हसत हसत सांगितलं, की माझ्या आधीची भावंडं जगली न्हाईत, म्हणून मी झाल्यावर आजीनं मला केरासकट सुपात घालून दारात ठेवलं आणि मंग जणू सापडलोय असं करून घरात घेतलं. म्हणलो, "फोई, मला तर जन्मल्या दिवशीच बाहेर टाकला, नंतर शाळेनं टाकला." सगळे हसले. फोई हसली न्हाई. झोपाळा थांबला. म्हणली, "कच्छमधी जन्मला असता तर तू कचराभाई झाला असता. आमच्यात कचराभाई हाय, पूंजाभाई हाय. पूंजो म्हंजे झाडून काढलेला केर. असं नाव नकोशा पोराला कोण ठेवत न्हाय, भाई. जो लय हवा असतो, त्यालाच ठेवतात, म्हंजे नजर लागू नये, कोण नेऊ नये. हे नाव तुझ्या आईनं रडत ठेवलेलं हाय. त्याच्यावर हसायचं न्हाय." एवढ्या वर्षांचा माझा चालू धंदा बाईनं त्या दिवशी बसवला. घरी गेलो, आईकडं बघितलं. ती लसूण सोलत व्हती. तिच्यासंगं थोडा लसूण सोलला, त्यातबी निम्मा तिनं परत सोलला.

तर नाव ठेवणं हा फोईचा मान. आपल्याकडं बारशाला आत्या नाव ठेवती, तसंच त्यांच्यात बी फोईच ठेवती. भाईच्या लेकराचं नाव फोईनंच पाडायचं. मोशी, भोसरी, चाकण, जिथं जिथं त्यांच्यातलं लाकडाचं दुकान, तिथल्या लेकरांना ह्याच फोईनं नावं दिलेली. पण अलीकडं पोरं मोबाईलवरनं नाव काढून आणतात आणि फोईला म्हणतात, एवढं मोठ्यानं बोला फक्त. एकदा तिला असलंच कसलं तरी नाव सांगितलं. ती मला म्हणली, "केरबाभाई, हे मुलाचं नाव हाय का ह्यांच्या नवीन गाडीचं?" मी म्हणलो, "फोई, गाडीचं असंल तर सर्व्हिसिंग फ्री मिळंल." तिला हसू आलं, पण डोळ्यांपर्यंत पोचलं न्हाई.

आणि अशात माझी पोरगी झाली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दोनदा आशा लागून गेलेली, आणि ही आली ती सातव्या महिन्यातच. माझ्या टेम्पोतला मोठा पाना हातात घेतला तर तो तिच्यापेक्षा जड लागंल. काचेच्या पेटीत ठेवलेली. मी काचेला नाक लावून बघायचो, तर नर्स म्हणायची, काच पुसायला आम्हालाच लागते. मंग घरी सोडली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अजून भरवसा देता येत न्हाई, वजन वाढंस्तोवर दाखवत राहा. घरात दुसरंच चालू. आई म्हणती, "नाव धोंडी ठेवा. दगडाला कोण उचलून नेत न्हाई. ह्याला केरबा ठेवला, तर जगला का न्हाई?" सुनीता, म्हंजे माझी बायको, म्हणती, "जगला, पण बघा कसा जगलाय! माझी पोरगी शाळेत जाणार, तिला धोंडी हाक मारतील?" दोघी माझ्याकडं बघायच्या. मी पाळण्याकडं बघायचो. पाळण्यात ती मुठीएवढी. आणि मोठी अडचण अशी की नाव ठेवायचं कोणी? मला बहीण न्हाई. व्हती, ती राहिली न्हाई.

मी जाऊन फोईच्या झोपाळ्यापाशी उभा राहिलो. कसं विचारावं कळंना. म्हणलो, "फोई, आमच्याकडं आत्या शिल्लक न्हाई. तुमी येता का?" मला वाटलं म्हणंल, आमच्यात असं चालत न्हाय. उलट चिडलीच. "येते का म्हंजे? तुला भाई म्हणते का न्हाय मी? तोंडाला वळण म्हणून म्हणते का? भाईची पोरगी ती माझी भत्रीजी. आठवण करून द्यायला लाज न्हाय वाटत?" एवढे दिवस मला भाई म्हणत व्हती, ते कुत्र्यासारखं न्हवतं. घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणली, "म्हंजे मला माझ्यापेक्षा मोठी पोरगी झाली का रे?"

बारशाला फोई टेम्पोत माझ्या शेजारी बसून आली. मांडीवर स्वतः शिवलेलं झबलं, बाहुलीला बी घट्ट व्हईल एवढं. आल्या आल्या राशीसाठी जन्माची वेळ विचारली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या वेळी हॉस्पिटलच्या बाहेर वडापाव खात व्हतो. "पहिला का दुसरा?" सुनीतानं विचारलं. फोई म्हणली, "राहू दे. हिला बाराच्या बारा राशी." घुगऱ्या वाटल्या, बाया जमल्या, पाळणा हलला. फोईचा आवाज सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं शेजारच्या खोलीतल्या बाईनं झोपलेल्या पोराच्या कानावर हात ठेवला. फोई वाकली. पोरीच्या कानापाशी तोंड नेलं. आणि अशी बोलली की ओठ हललेले बी कुणाला दिसले न्हाईत.

"काय ठेवलं?" आईनं विचारलं.

"न्हाय सांगणार."

"आं?"

"तिला सांगितलं. बस." फोई पदर नीट करून बसली. "खराब नाव ठेवलं तरी ते नावच हाय, बेन. नाव असलं की हाक मारता येते. ज्याला नावच ठाऊक न्हाय, तो दारात येऊन कुणाला बोलवणार? पोरगी अंगानं भरू दे. तोवर हे माझ्या पोटात."

सुनीतानं डोळ्याला पदर लावला. आई फोईकडं बघत मला हळूच म्हणली, "ही मोठी पोरगी माझीच हाय. माझ्यावर गेलीय."

पुढचे महिने आमच्या घरात नाव सोडून सगळं व्हतं. हॉस्पिटलच्या कागदावर 'बेबी ऑफ सुनीता'. आई 'अगं ए', सुनीता 'सोनू' म्हणायला गेली तर आई तिच्या तोंडावर हात ठेवायची, "नाव घेऊ नको, चुकून तेच असंल!" मी फोईला फोडायचा लय प्रयत्न केला. चिंचवडवरनं खाखरे आणले, गाठिया आणल्या. ती सगळं खायची, हात झटकायची अन् विचारायची, "वजन किती झालं?" शेवटी मी पोरीलाच एकटीला गाठून विचारलं, "तुला सांगितलंय ना गं? बापाला तरी सांग." तिनं माझ्या शर्टावर दूध काढलं. दर खेपेला दवाखान्यातनं निघाल्यावर मी आधी शेडात जायचो, मंग घरी. वजन वाढलं असलं की झोपाळा जरा उंच जायचा. एका आठवड्यात वजन उतरलं, पोरीला परत ॲडमिट करायला लागलं. त्या दिवसांत झोपाळा हललाच न्हाई. फोई त्याच्यावर नुसती बसून, पाय जमिनीला टेकवून. शेठ म्हणाले, दोन घास खाऊन घ्या. तर म्हणली, "नाव पोटात हाय, जागा न्हाय."

आणि मंग एके दिवशी डॉक्टरांनी पोरीला उलटी-सुलटी करून बघितली, तिनं त्यांच्या चष्म्याला हात घातला, आणि ते म्हणले, "आता उगाच आणू नका. फक्त लसीला या." मला टेम्पो कुठं लावलाय ते सापडंना. शेवटी सुनीतानंच दाखवला, मी त्यालाच टेकून उभा व्हतो. आमी सगळे शेडात गेलो. शेठनं करवत बंद करायला लावली. फोईनं पोरीला मांडीवर घेतली, वरपासनं खालपर्यंत बघितली, पारेख साहेबानं बघितला नसंल तसा एकेक सांधा बघितला. आणि म्हणली, "मोंघी."

आईनं विचारलं, "म्हंजे?"

"महाग. लय मोलाची. सहज मिळत न्हाय ती."

मी म्हणायला गेलो, की फोई, आधीच सिलेंडर महाग, डिझेल महाग, त्यात अजून एक. पण 'आधीच' एवढंच तोंडातनं निघालं आणि पुढं मी पोरीचं टोपडं नीट करत बसलो. सुनीता म्हणली, "नाव लय जुनं हाय हो, फोई." मंग स्वतःच हळूच म्हणून बघितलं, "मोंघी." आणि पोरीनं मान वळवली. बाळं काय, कुठल्याबी आवाजाला वळवतात. पण त्या शेडात त्या दिवशी हे बोलायची कुणाची हिंमत न्हवती.

आता मोंघी चार वर्षांची व्हईल. फोईसारखीच झाली. शेडात आलेल्या माणसाचा रस्ता अडवून विचारती, "केवा?" दोन वर्षं तिचा मुक्काम त्या झोपाळ्यावरच. तर परवाच्या उन्हाळ्यात तिनं फोईलाच विचारलं, "फोई, तुझं नाव काय?" मी टेम्पोवर दोरी बांधत व्हतो. माझा हात थांबला. एवढ्या वर्षांत जगाची नावं विचारणाऱ्या बाईला हे कधी कुणी विचारलंच न्हवतं. मी बी न्हाई.

फोई म्हणली, "अमथी."

शेठनं टेबलावरनं मान वर केली. नंतर बाजूला घेऊन मला हळू आवाजात सांगितलं, "अमथी म्हणजे उगाच. फोई चौथी मुलगी. सगळे मुलाची वाट बघत होते. घरात म्हणाले, ही उगाचच आली, आणि तेच नाव राहिलं. नाव ठेवायला हिची फोई आलीसुद्धा नव्हती." मी बांधलेली दोरी सोडली आणि परत बांधली.

मोंघीला ह्यातलं काय ठाऊक? तिला नाव आवडलं. ती शेडभर पळत सुटली, "अमथीबेन! ओ अमथीबेन!" कामगार हसायला लागले. फोई हसली न्हाई, रागावली बी न्हाई. जरा वेळ कुणा दुसऱ्याच बाईला बोलवतायत अशी इकडं तिकडं बघत राहिली. मंग एकदम लहान आवाजात म्हणली, "हां, बेटा."

दिवाळीनंतर फोई कच्छला गेली, तिथली हवा मानवती म्हणून. आता मोंघी रविवारी शेठच्या मोबाईलवरनं तिला फोन लावती आणि पलीकडनं कुणी उचलायच्या आधीच ओरडायला लागती, "अमथीबेन! अमथीबेन!" तिकडनं उत्तर यायला जरा वेळ लागतो. वय झालंय, नेटवर्क बी तसंच. आमी सगळे फोनभोवती गोळा होऊन थांबतो. आणि मंग येतं, लांबनं, हळूच:

"हां."